वाघाईच्या डोंगराची अर्धी फेरी

डोंगराला फेरी घालायची हे ठरलं अकोल्यात, टांग्यात बसल्या बसल्या. दिवाळीला माझी थोरली बहीण, ताई, माझ्याकडे आली होती. सांगायचं कारण फराळाचं, खरं कारण डोळ्यांचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजवा डोळा गेलेलाच आहे आणि डाव्यातली नजर कडेकडेनं कमी होत चालली आहे. यावर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. औषधाचे थेंब घालत राहा, पण उन्हाळ्याच्या पुढची आशा धरू नका. दवाखान्याच्या पायरीवर मीच रडायला लागले, आणि जिचे डोळे जायचे होते तिनं मला हाताला धरून टांग्यात चढवलं.

बाजार मागे पडल्यावर ती म्हणाली, "का व, वाघाईच्या खिंडीतून म्हणे आपलं गाव दिसते. खरं असंन?"

ताईचं सासर मालेगावच्या पुढे, किन्हीराजाच्या बाजूला. आमचं माहेर मानोऱ्याच्या अंगाला. मध्ये हा एक डोंगर. अलीकडे ती नांदते आणि पलीकडे ती जन्मली, पण डोंगराची ती बाजू तिनं लग्नानंतर पाहिलेली नाही. आमची लग्नं झाल्या झाल्या बाबा गेले, भाऊ आम्हाला नव्हताच, घर भाऊबंदाकडे गेलं. आणि आमच्यात लेकीनं आपल्या पायानं माहेरी जायचं नसतं. तिकडून कोणीतरी मुराळी न्यायला यावा लागतो, भाऊ, नाहीतर भाचा, निदान चुलतभाऊ. मुराळी आला नाही तर लेक वाट पाहते, आणि येणारच नसेल तर वाट पाहायचंही सोडून देते. माझीही तीच गत. ताईच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, आणि बाबांच्या माघारी आम्हा दोघींपैकी एकीनंही त्या गावात पाऊल ठेवलेलं नाही.

"पाहाले त मुराळी लागत नाई ना?" ताईनं विचारलं. मी नाही म्हटलं. मग तिनं मला शपथ घातली, डोळ्याचं घरी कोणाला सांगायचं नाही आणि गावाचंही नाही. "पन्नाशीची बाई माहेर पाहाले डोंगरावर चढली म्हंतील. हासतील लोक."

मला आमच्या घरात सगळे 'टाइमटेबल' म्हणतात. मी लगेच कामाला लागले. आमच्या ओळखीचे एक वकील त्या जंगलात शिकारीला जाऊन आले होते. त्यांच्याकडून सगळी वाट समजून घेतली. डोंगर उजव्या हाताला ठेवून निघायचं. नाल्याच्या काठाकाठानं वाघाईच्या ओट्यापर्यंत सोपी वाट, तिथे झरा आहे. तिथून बांबूच्या रानातून चढ, अंगावर येणारा नाही पण दम काढणारा. वर खिंड. खिंडीतून पलीकडे उतरलं की सागाचं रान, खाली एक तांडा, आणि तांड्यापासून गाडीवाटेनं डोंगराला वळसा घालून पुन्हा गावात. पहाटे निघालं तर ऊन डोक्यावर यायच्या आत खिंड, आणि दिवस कलायच्या आत घर. गुडघे शाबूत असलेल्या कोणालाही जमेल. जंगल सरकारी आहे, पण पायी जायला कोणी अडवत नाही. फक्त कुऱ्हाड जवळ ठेवू नये.

ताईला सांज पडली की काहीच दिसत नाही, म्हणून खिंडीत भर उन्हातच पोचायला हवं होतं. माझ्या सगळ्या बेताची मेख ती होती.

मार्गशीर्षात निघाले. अकोल्याहून मालेगावला मोटार जाते, पण केव्हा जाते ते मोटारवाल्यालाही सांगता येत नाही. भरली की निघते. जाणाऱ्यांनी पुढच्या बाकावर जागा धरावी, मागे बसलात तर मालेगावला उतरताना तुम्हाला सख्खी आई ओळखणार नाही, इतकी धूळ. पातूरला गाडी पाणी प्यायला थांबते, तिथे गरम भजी मिळतात आणि ती खरोखर चांगली असतात. पुढे घाट लागला की दोन्ही बाजूंना जंगल, मेडशीपर्यंत डोळे निवतात. शेजारी एक म्हातारबाबा कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "कोठी जाता बाई?" मी म्हटलं, "डोंगर पाहायला." त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "आनं थो काय पळून चालला का?" सगळी मोटार हसली, मीही हसले.

मालेगावला दाजी, म्हणजे ताईचे यजमान, दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, घेऊन आले होते. दाजींसारखा मोकळा माणूस मी पाहिला नाही. आवाज गावाच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा, आणि पाहुण्याला रिकामं बसू द्यायचं नाही हा नेम. शेतांतून तुरी पिवळ्या झालेल्या, कापसाची वेचणी चाललेली, ज्वारीचे पेंडके रचलेले. तो रस्ता दमणीतूनच पाहावा, मोटारीतून त्याची चव कळत नाही.

चूक झाली ती रात्रीच्या जेवणावर. मी सहज म्हटलं, "उद्या आम्ही दोघी डोंगराला फेरी घालून येतो." दाजींचा घास हातातच राहिला.

"पायी? आनं खासान काय?"

"भाकरी आणि चटणी बांधून नेऊ."

"भाकर!" दाजी असे बोलले की जणू मी उपाशी मरायला निघाले होते. "माही साळी इतक्या सालानं आली, आनं डोंगरात भाकर खाईन? वाघाईपाशी रोडगे करू. समदेच जाऊ!"

ताईची धाकटी जाऊ टाळ्या पिटायचीच बाकी राहिली. ज्यांना रोडगे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जाड दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वरणाबरोबर, वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. वऱ्हाडी माणसाला स्वर्गात नेलं तरी तो आधी गोवऱ्या आहेत का ते पाहील. पण रोडगे घाईचे नव्हेत. गोवऱ्या पेटून त्यांचा निखारा व्हायला वेळ, रोडगे भाजायला वेळ, आणि खाल्ल्यावर उठायला तर त्याहून वेळ.

मी ताईकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही. "करा ना," ती म्हणाली. "बरं होईन."

रात्री अंथरुणावर मी तिला म्हटलं, "मी सांगतो दाजीले. डोळ्याचं नाई, निस्तं लवकर जाचं हाये म्हून." तर म्हणाली, "मंग थे इचारतीन, काहून लवकर? मी काय सांगू?" आणि कूस बदलून, "रोडगे होतीन, मंग जाऊ. दिवस का लहान हाये?"

मार्गशीर्षातला दिवस लहानच असतो, हे तिला माहीत होतं.

पहाटे निघायचं ते निघता निघता उन्हं अंगणात आली. गोवऱ्यांचं पोतं सापडेना, तुपाचं गाडगं विसरलं, मग जावेची मुलं उठली, ती रडली, त्यांनाही घेतलं. ओट्यापर्यंत बैलगाडीच निघाली. फेरी पायी घालायची होती, पण पोतं कोण उचलणार? तरी ताई आणि मी गाडीच्या पुढे चालत राहिलो. नाल्याच्या काठची ती वाट फार सुरेख आहे. दोन्हीकडे पळस आणि धावडा, वाळलेल्या पानांचा पायाखाली आवाज, मधूनच मोराची ओरड. नाल्याच्या डोहात पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसावेत. ताई थांबून थांबून सगळं पाहत होती. तिला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, म्हणून ती सगळी मान वळवून पाहते, चिमणीसारखी. मला त्या वाटेवर तिच्याकडे पाहवेना.

वाघाई म्हणजे मोहाच्या जुन्या झाडाखालचा ओटा आणि त्यावर शेंदूर फासलेला दगड. शेजारी झरा. आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळंच होतं, मी मनात हिशेब केला आणि मला धीर आला. दाजींनी सदरा काढला, बाह्यांची अडचण नको म्हणून, आणि गोवऱ्या रचायला बसले. रोडगे भाजणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम, त्यात बायकांनी बोट घालायचं नाही. ताईनं तीन दगडांवर भाजीचं पातेलं चढवलं.

पहिला रोडगा देवीला दाखवला तेव्हाच उन्हं माथ्यावर आली होती. तरीही जमलं असतं. पण वाघाईपाशी धूर निघाला की तो पाहून येईल त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, अशी तिथली रीत आहे. तो धूर म्हणजे देवीचं आवतण. आधी दोन गुराखी आले. मग लाकडांच्या मोळ्या घेऊन तांड्यावरच्या चार लमाण बाया आल्या, त्या मोळ्या उतरवून हसत पंगतीत बसल्या. मग जंगलखात्याचा नाकेदार आला. त्याला वाटलं कोणी रान पेटवलं, आणि तो धावत आला होता. दाजींनी त्याला धरून बसवला. "बसा साहेब, आता आग इझवाले रोडगेच खा लागतीन!" लमाण बायांतली एक ताईच्या हातातल्या पळीकडे पाहून, आपल्या बोलीत आई म्हणून हाक मारत म्हणाली, "याडी, तू कद्धी खाणार? समद्यायले वाढून वाढून दुबळी होशीन."

ताई हसली. घरची थोरली सून ती. सगळी पंगत उठेपर्यंत तिनं बसायचं नसतं. ती वाढत होती आणि ऊन मोहाच्या एका फांदीवरून दुसरीवर सरकत होतं. तूप घाला, भाजी घाला, आणखी एक घ्या, माझी आण. आग्रह करताना तिच्या आवाजात काहीही लपलेलं नव्हतं. तिचा आग्रह खोटा असता तर मला बरं वाटलं असतं. मी एकदा तोंड उघडलं, "दाजी, आम्हाला आता..." तशी ताईनं वाढता वाढता माझ्या पायावर पाय दिला. दाजींना वाटलं मला आणखी रोडगा हवा आहे.

शेवटी ती जेवायला बसली तेव्हा मोहाची सावली नाल्यापर्यंत लांबली होती. तिनं अर्धा रोडगा खाल्ला आणि हात धुतले. दाजी पोटावर हात ठेवून आडवे झाले होते, नाकेदार घोरत होता. जावेनं घरी निघायची आवराआवर सुरू केली, तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "आलोच हाओत त खिंडीपर्यंत जाऊन येतो आमी. वारं पाहाले." दाजी ताडकन उठले. एकट्या बायका कशा जाणार, वाघाईचा डोंगर आहे. गाडीतला कंदील घेऊन तेही आमच्या मागे निघाले. मुलं आणि जाऊ ओट्यापाशीच थांबली.

बांबूच्या रानातली चढण तुम्ही जाल तेव्हा सावकाश चढा. आम्ही ती धावत चढलो. ताईला दम लागत होता, पण ती थांबेना. मागून दाजी ओरडत होते, "खिंड कोठी जात नाई व! हळू!" बांबूच्या शेंड्यांवर तांबूस ऊन होतं. मग ते शेंड्यांवरूनही गेलं. शेवटच्या वळणावर ताईला दगडाची ठेच लागली, तेव्हा मला कळलं की तिला पायाखालचं दिसेनासं झालं आहे. मी तिचा हात धरला.

खिंडीत वारं होतं, आणि आमचं गाव तिथून खरंच दिसतं. खाली दरीभर चुलींचा धूर पसरला होता, त्याच्या वर तळ्याची एक फिकट रेघ, आणि रेघेच्या कडेला पांढरा ठिपका, मारुतीचं देऊळ. लहानपणी त्या देवळाच्या पायरीवर आम्ही चिंचोके खेळत होतो. मला रडू कोसळलं. ताईनं माझा हात दाबला. "कोणत्या अंगाले?" तिनं हळूच विचारलं. मी तिचं बोट धरून देवळाकडे नेलं. ती त्या बाजूला बघत राहिली, मान थोडी इकडे, थोडी तिकडे करत. तिचं तोंड सगळं त्या दरीकडे लागलेलं.

तेवढ्यात दाजी वर पोचले. "अंधार पडला की व," म्हणाले, आणि आमची सोय म्हणून त्यांनी कंदील पेटवून आमच्यामध्ये धरला. कंदिलाचा उजेड तोंडावर आल्याबरोबर मला दिसत होतं तेही गेलं. समोर नुसता काळोख उरला.

"काय पाहून राह्यली?" दाजींनी विचारलं.

"काई नाई," ताई म्हणाली. "वारं बरं हाये अथी."

खाली ओट्यापाशी गाडी थांबली होती, म्हणून आल्या वाटेनंच परतलो. तेव्हा खिंडीपलीकडचं सागाचं रान, तांडा, गाडीवाट यांतलं मी काही पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्याचं वर्णन करणार नाही. फेरी अर्धीच झाली. घरी पोचेपर्यंत ताईनं माझं मनगट सोडलं नाही. पायऱ्या चढताना मात्र तिनं ते सोडलं, कारण घरात तिला प्रत्येक पायरी पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी मला मोटारीवर सोडायला दाजीच आले. थंडी होती, बैल तरणे होते, दुडक्या चालीनं निघाले. बोलायचं म्हणून मी बैलांची तारीफ केली. दाजी खुलले. "मानोऱ्याच्या बाजारातून आणले. दर साली जातो मी. तुमच्या गावावरूनच वाट हाये ना, तथी वेशीपाशी विहीर हाये, लय गोड पाणी. बैलायले तथीच पाणी पाजतो."

मी पदर सावरून पुढे सरकले.

"तुम्ही आमच्या गावावरून जाता? दरवर्षी?"

"हाओ. लगन झालं तवापासून. तुमची बहीणच त शिदोरी बांधून देते."

"मग तिला कधी नेलं नाहीत?"

दाजी माझ्याकडे वळले. "थे कधी म्हणली नाई. तुमचं कोणी उरलं नाई तथी, मुराळी येनार कोठून? म्या म्हणलं, कायले तिच्या जिवाले दुखवाचं. म्हून मी तर गावाचं नावही काढत नाई तिच्यापुढं." मग त्यांनी विचारलं, "काहून? तिले जाचं होतं का?"

तीस वर्षं ती शिदोरी बांधत होती, आणि तीस वर्षं बैल त्या विहिरीचं पाणी पीत होते. ती बोलली नाही, कारण मुराळ्याशिवाय माहेर मागायचं नसतं. ते बोलले नाहीत, कारण तिला दुःख होईल. शहाणपणा दोघांचाही, आणि नुकसान सगळं तिचं. मी ताईची शपथ मोडली. डोळ्याचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, काल खिंडीत ती कोणतं वारं पाहायला गेली होती तेही सांगितलं. "उशीर करू नका," मी म्हटलं. "आणि दुपारच्या उन्हातच न्या."

दाजींनी दुडके बैल आवरून मालेगावपर्यंत सावकाश चालवले. मोटार सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "म्या कंदील लावला व बाई."

वाघाईच्या डोंगराला जायचं असेल तर मार्गशीर्षातच जा. नाला वाहता असतो, ऊन सोसतं, खिंडीतून दूरचं दिसतं. ओट्यापाशी चूल पेटवू नका, धूर केलात तर रीत पाळावीच लागेल. आणि बरोबर कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला तिकडे काय पाहायचं आहे ते निघायच्या आधी सगळ्यांसमोर विचारून घ्या. मला घरी आल्यावर रोज वाटत राहिलं की आम्ही सगळ्यांनी मिळून त्या दिवशी एका बाईला पोटभर जेवू घालून उपाशी ठेवलं. त्यात कोणाचा दोष काढावा तर कोणाचाच निघत नाही, आणि त्यामुळे ते आणखी टोचतं.

संक्रांतीनंतर दोघं औषधासाठी अकोल्याला आले. ताई टांग्यातून उतरताना दाजींचा दंड धरून उतरली, भर रस्त्यात, लोकांदेखत. त्यावरूनच मी काय ते समजले. ती आत माझ्या सुनांशी बोलत बसली, तेव्हा मी ओसरीवर दाजींना विचारलं, नेलं का?

"तुमाले सोडून आलो त्याच्या दुसऱ्याच दिशी नेलं," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. "भर दुपारी. वेशीपाशी गाडी उभी केली. म्हणलं उतर, त उतरली नाई. म्हणे, कोणाच्या घरी उतरू? मंग तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, माहेरात पोरी घेतात ना, तसा. बाई, एवढ्या सालात म्या तिचं डोकं उजेडात पाह्यलंच नोतं. समदे पांढरे झाले केस. कधी झाले, मले मालूमच नाई."

"आणि गाव? गाव दिसलं का तिला?"

"थे मले काय माहीत?" दाजी म्हणाले. "मी तिच्याकडंच पाहून राह्यलो होतो."